‘कोणी ऐकलं’चा रकाना

६ जानेवारी, सोम.

‘कानोसा’ला, म्हणजे माझ्या प्रश्नावलीला, खरं काय पडलं, ते आज बसून काढलं. चार उन्हाळे. तीन जोड चपला. एक कावीळ, माढ्याच्या स्टँडवरच्या रसाची. सुलभाचं पहिलं बाळंतपण: त्या दिवशी मी वैरागला, कारण सहा महिने तोंड न उघडलेली एक बाई नेमकी त्याच दिवशी बोलायला बसली. मुलगी झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, सासऱ्यांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी धाडली तेव्हा. एवढं मोजून मिळाली बत्तीस वाक्यं. एका पानावर बसतात.

काढायचं कारण असं. दुपारी सात रस्त्याच्या दवाखान्यात एक मुलगी आली. मानसशास्त्रात एम.ए. करतेय, बाहेरच्या विद्यापीठात. चुणचुणीत.

“सर, तुमच्या पेशंटकडून एक प्रश्नावली भरून घ्यायचीय. राऊत स्केल. आमच्या मॅडमनी तयार केलीय.”

राऊत मॅडम म्हणजे आमची अर्चना, माझी विद्यार्थिनी. मी खूश. म्हटलं, मग तू माझी नात लागतेस की. ती हसली, पण तिला काही उमगलं नाही. मला समजावून सांगायला लागली. “वाक्य सावकाश वाचायचं, सर. आपल्या मनानं बदलायचं नाही. मग विचारायचं, असं तुम्हाला वाटतं का? कधीच नाही, कधीमधी, रोज.”

म्हटलं, वाच बरं एखादं.

“ताट पुढ्यात आलं की वाटतंय, हे दुसऱ्या कुणाचं हाय, आपण चुकून बसलोय.”

माझी आई. मोडनिंब. वडील गेल्यावर तिसऱ्या महिन्यात, चुलीपुढं.

मुलीला चहा पाजला. कागद ठेवून घेतला. पेशंट देतो म्हणालो.


७ जाने., मंगळ.

ताडून पाहिलं. बत्तीसपैकी तीस जशीच्या तशी. दोन गाळलीत, पाच नवी घातलीत. नव्या पाचांना पुस्तकाचा वास. ‘मला भविष्याबद्दल निराशा वाटते.’ असं कोण बोलतं? कुठल्या गावात?

लेखही सापडला, इंग्रजीत. गेल्या वर्षीचा. तीन नावं, पहिलं तिचं. आत लिहिलंय, प्रश्नावली ‘प्रथम लेखिकेने सोलापूर जिल्ह्यातील दीर्घ क्षेत्रकार्यातून’ विकसित केली. ज्या वर्षांचं ते क्षेत्रकार्य, त्या वर्षांत प्रथम लेखिका वैरागच्या शाळेत तिसरीत होती.

माझं नाव कुठंच नाही. आधी वाटलं चष्म्यामुळं दिसत नसेल. पुसून पाहिला.

आणि टेबलावर काय पडलंय, तर तिचंच शिफारसपत्र. प्राध्यापकाच्या जागेसाठी तिनं पहिलं नाव माझं दिलंय. फॉर्म ३१ तारखेच्या आत ऑनलाइन भरायचा. मी गेले पंधरा दिवस दोन पानं लिहितोय, लेकीच्या लग्नाची पत्रिका लिहावी तशी. ‘अत्यंत सचोटीची’ हा शब्द काल दुपारीच घातला होता.


९ जाने., गुरु.

काम नाही सुचलं. पेशंट दोनच घेतले. दुसरा म्हणाला, “सर, आज तुमी ऐकंनात.” फी घेतली नाही.

अर्चना पहिल्यांदा आली तेव्हाची आठवते. वैरागहून येऊन-जाऊन करायची, वडिलांचं कडब्याचं दुकान. हुशार, पण पेशंटला बोलू द्यायची नाही. तो श्वास घ्यायला थांबला की हिचा पुढचा प्रश्न तयार. मी तिला मोठ्या सरांची युक्ती दिली. मोठे सर म्हणजे माझे गाइड, आता नाहीत. ते म्हणायचे, माणूस थांबला की मनात सात मोज. खरं वाक्य सहाला येतं. अर्चना महिनाभर ओठ हलवत मोजायची, पेशंटला वाटायचं बाई जप करतायत.

मोठ्या सरांची दुसरी शिस्त म्हणजे कान-वही. ऐकलेलं वाक्य तिथल्या तिथं लिहायचं, शुद्ध न करता. पाच रकाने. तारीख, गाव, वाक्य, कोणी म्हटलं, कोणी ऐकलं. शेवटच्यावरून मी एकदा वाद घातला होता, की सर, ऐकणारा कोण याला काय महत्त्व? ते म्हणाले, “म्हणणारी आई, ऐकणारी सुईण. चांगल्या घरात दोघींचं नाव घेतात.”

आमचा पहिला लेख आला तेव्हा त्यांनी माझं नाव आधी घातलं, स्वतःचं नंतर. त्या काळात गाइड लोक विद्यार्थ्याचं नाव घालायचे हेच पुष्कळ. मी रडलो होतो. मोडनिंबच्या हायवेवरच्या ढाब्यात ग्लास विसळणारा पोरगा, त्याचं नाव एम.ए., पीएच.डी. माणसाच्या आधी. तेव्हा ठरवलं, गाणाऱ्यांचं असतं तसं हे आपलं घराणं. आमच्या घराण्यात कुणाचं नाव गळत नाही. सोळा विद्यार्थी झाले, सोळांनाही पहिल्या दिवशी हेच वाक्य आणि कोरी कान-वही.

अर्चना अकरावी.


११ जाने., शनि.

फोन केला. आधी तिच्या वडिलांची तब्येत, थंडी, हुरडा. मग म्हटलं, “राऊत स्केल छान झालंय.”

गप्प. मी मोजायला लागलो. चारला म्हणाली, “सर, माझ्यावर सात मोजू नका.”

“बरं. तूच सांग.”

“ती वाक्यं तुमच्या कपाटात पडून होती, सर. मी किती वेळा म्हटलं, छापू या. तुम्ही म्हणायचा, अजून पिकू दे.”

(खरं आहे.)

“लोकांकडून भरून घेणं, तपासणं, सगळी आकडेमोड मी केली. तुम्हाला त्यातलं किती जमलं असतं?”

(हेही खरं आहे. पण असं विचारायचं असतं का?)

“आणि तुम्हीच दिलीत. पीएच.डी. झाले त्या दिवशी, आमच्या शेतात, सगळ्यांसमोर. वह्यांच्या झेरॉक्स हातात ठेवल्या नि म्हणालात, घे, आता हे तुझं.”

“अगं, घे म्हणजे वापर. घे म्हणजे जन्मदाखल्यावर तुझं नाव लाव, असं कुठं म्हटलं?”

“तळटीप टाकली होती, सर. जर्नलवाल्यांनी काढली.”

“मग तू काय केलंस?”

आता तिनं सात नाही, चांगले वीस मोजले. पलीकडं कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली. घाईनं म्हणाली, “सर, पत्र पाठवाल ना? एकतीसच्या आत?”

माझा कान अजून शाबूत आहे. त्या आवाजात शरम चार आणे होती, भीती बारा आणे.


१४ जाने., मंगळ. संक्रांत

सुलभानं तिळगुळाच्या वड्या केल्या. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून भाची येऊन गेली. ती गेल्यावर सुलभाला सगळं सांगितलं. आठ दिवस पोटात ठेवलं होतं. तिला अर्थात पहिल्या दिवसापासून माहीत होतं, काहीतरी बिनसलंय म्हणून. कान मला, नाक तिला.

ती म्हणाली, “अहो, तुम्ही तिला लेक म्हणायचात. लेकीनं आईच्या पेटीतली साडी नेसली, तर आई काय पोलिसात जाते?”

“नेसली असती तर बोललो नसतो. ही साडी मी विणली म्हणून सांगतेय ती.”

“साडी विणतं कोण नि नाव लागतं कुणाचं, हे सोलापुरात बसून तुम्ही मला सांगू नका.”

असं म्हणून वडीचा डबा पुढं सरकवला. ही बाई माझ्याकडं पीएच.डी.ला असती तर मी निवृत्त झालो असतो.


१७ जाने., शुक्र.

आज वर्गात (आठवड्याला एक तास अजून घेतो) सवयीनं सतरा नंबर सांगितला. ‘हात पुढं जात्यात, मी मागंच ऱ्हाती.’ सोलापूरच्या पूर्व भागातली एक विडी कामगार. सुपात पानं, हात आपोआप वळतायत, आणि बाई स्वतःपासून सुटलेली. औदासीन्यावरचे सगळे धडे या सहा शब्दांपुढं फिके, असं मी तीस वर्षं सांगतोय. पुण्यात सांगितलं, हैदराबादला सांगितलं. लोक उठून टाळ्या वाजवतात.

मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, हे राऊत स्केलमधलं ना?”

वर्ग लवकर सोडला.


२० जाने., सोम.

ठरलं. शिफारस नाही, तक्रार. नियतकालिकाच्या संपादकांना आणि निवड समितीला, दोघांनाही एकच पत्र. तिची जागा जाईल. कदाचित आहे ती नोकरीही अडचणीत येईल. जाऊ दे.

मसुदा केला. तिसरं वाक्य मनासारखं उतरलं. ‘ही सर्व बत्तीस विधाने मी स्वतः, माझ्या कानांनी ऐकून नोंदवलेली आहेत.’ मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडं जमीन नव्हती, वशिला नव्हता, इंग्रजी आजही पायात काटा रुतल्यासारखं चालतं. होते ते कान. ढाब्यावर ग्लास विसळताना टेबलांकडं पाठ ठेवून कोणत्या टेबलावर नवरा-बायको भांडलेत, ते सांगायचो. तीच माझी इस्टेट. ती कुणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मी तिच्या सचोटीचा दाखला द्यावा?

सुलभा वाचून एवढंच म्हणाली, “पुरावा जोडा. नुसतं पत्र रडगाणं वाटेल.”


२४ जाने., शुक्र.

माळ्यावरून कान-वह्या काढल्या. चार. धूळ, झुरळाची अंडी, पण शाई शाबूत. वाटलं होतं, बत्तीस पानांना खुणा घालायच्या नि झेरॉक्स मारायच्या. तासाचं काम.

पहिली वही मोडनिंब आणि आसपास. ‘कोणी ऐकलं’: द. म्हणजे दत्तात्रय, मी. दुसरी वैराग. द., द., द. तिसरी माढ्याकडची. द.

चौथी पूर्व भाग. विणकरांची, विड्या वळणाऱ्यांची घरं. अक्षर माझंच. शेवटचा रकाना: ल.

पान उलटलं. ल. पुढचं. ल. ल. ल. एका ठिकाणी ल.खाली ‘वरीलप्रमाणे’च्या टिंबांची रांग, म्हणजे सगळं पान ल.

लक्ष्मीअक्का. विसरलो होतो असं नाही. पण आठवलीही नव्हती. पूर्व भागात मला घरोघरी नेणारी बाई. स्वतः विड्या वळायची, दुपारी तासभर माझ्याबरोबर फिरायची. बत्तीसपैकी चौदा वाक्यांपुढं ल. सतरा नंबर त्यातच. ‘कोणी म्हटलं’च्या रकान्यात: शेजारीण.

झेरॉक्स काढल्या नाहीत.


२६ जाने., रवि.

शाळांच्या प्रभातफेऱ्या संपल्यावर पूर्व भागात गेलो. गल्ली तीच, घर दुमजली झालेलं. वट्टा मात्र तोच, ज्यावर मी बसायचो. आतून मागाचा आवाज पूर्वी यायचा, आता टी.व्ही.चा.

लक्ष्मीअक्का दारात. साठीच्या पुढं. बघत राहिली, मग म्हणाली, “मास्तर! केस कुटं गेले तुमचे?”

“तुम्ही ओळखलंत?”

“बसायची तऱ्हा तीच हाय की. एक मांडी खाली, वही गुडग्यावर.”

सुनेनं चहा आणला. दोघी आपसांत त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, माझ्याकडं पाहून हसल्या. मीही हसलो.

मी चौथी वही काढली. एकेक वाक्य वाचून दाखवलं. अक्का ऐकायची नि एकेक बोट मिटायची. “ही पोशव्वा. मेली बिचारी.” “ही नरसव्वाची सून. आता मोठी शेठाणी झाली, बघत बी न्हाई आमच्याकडं.” तीस वर्षांपूर्वीची वाक्यं, एकही चुकली नाही. म्हणाली, “तुमी हितं वट्ट्यावर च्या प्यायचा. बाया आत. मी आत-भाईर, आत-भाईर. गुडगे तवाच गेले माझे.”

“दार उघडं असायचं,” मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

“व्हय, दार उघडं असायचं.”

मग सतरा. “हात पुढं जात्यात, मी मागंच ऱ्हाती.” पुढं शेजारीण लिहिलंय, अक्का. कुठली शेजारीण?

ती सुपाकडं बघायला लागली. सूप रिकामं होतं, आता ती विड्या वळत नाही. मी सात मोजायला लागलो. सवय.

सहाला म्हणाली, “शेजारीण कुटली, मास्तर. ते माजंच.”

नवरा गेलेला वर्षभर आधी, म्हणे. पदरात दोन पोरं. रोज दुपारी माझ्याबरोबर हसत फिरायची, चप्पल घालून पुढं चालायची. मी तिला म्हणायचो, अक्का, तुमच्यासारखी खंबीर बाई पाहिली नाही.

“तेव्हा सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलंच न्हाई की. तुमी इचारायचा, आत काय म्हणाल्या.”

बायांसाठी सात मोजले. दारातल्या बाईसाठी एकदाही नाही.

निघताना तिनं विचारलं, “त्या वहीचं काय झालं फुडं? मोठं झालं का कायतरी?”

म्हटलं, झालं. लांबलांबचे लोक वापरतात.

“बरं झालं,” म्हणाली. आणि सुनेला माझ्यासाठी शेंगाचटणीची पुडी बांधायला सांगितली.


२८ जाने., मंगळ.

माझा प्रबंध काढला. ऋणनिर्देश, दोन पानं. मोठे सर. ग्रंथपाल, पूर्ण नावानं. टंकलेखक, पूर्ण नावानं. सुलभा. वैराग गाडीचा कंडक्टर, पूर्ण नावानं, कारण त्यानं चिठ्ठी आणली होती.

खालून दुसरी ओळ: ‘पूर्व भागातील एका स्थानिक भगिनीचे सहकार्य लाभले.’

सुलभाला दाखवली. तिनं चष्मा लावला, वाचली, चष्मा काढला. शेंगाचटणी वाढली.

तरी एक लिहून ठेवतो. अर्चनानं केलं ते यामुळं बरोबर होत नाही. तिला पाच रकाने मी शिकवले होते. सगळं माहीत असून मीही एकच ओळ लिहिली, पण लिहिली; तिनं माझ्यासाठी तीही राखली नाही. पण ती ओळ राखायला मी तिला कधी शिकवलं... मी स्वतःच...

राहू दे.


३० जाने., गुरु.

सकाळी अर्चनाचा मेसेज: ‘सर, उद्या पाचपर्यंत. तुम्ही जे लिहाल ते मला मान्य आहे.’ पाच मिनिटांनी दुसरा: ‘पुढच्या लेखात तुमचं नाव घालते.’ त्याला काय उत्तर देऊ? पुढच्या लेखात ल.चंही घाल म्हणून कळवू? तिला ल. कोण ते माहीत नाही. झेरॉक्समध्ये तो रकाना होता, अकराव्या विद्यार्थिनीनं कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

स्क्रीनवर दोन्ही उघडं आहे. एकीकडं फॉर्म, ‘उमेदवाराच्या सचोटीविषयी आपले मत’, चौकट रिकामी. दुसरीकडं तक्रार. सुलभा दोनदा डोकावून गेली. “पाठवलं?” नाही. “कुठलं पाठवणार?” बघतो.

तक्रारीतलं तिसरं वाक्य तेवढं दुरुस्त करायला बसलो. ‘सर्व बत्तीस’ खोडून ‘अठरा’ केलं. मग उरलेल्या चौदांचं काय लिहायचं, यावर तासभर गेला. शेवटी लिहिलं, ‘उर्वरित चौदा विधानांच्या वेळी मी तेथे प्रत्यक्ष हजर होतो.’ हे खोटं नाही. वट्ट्यावर होतो. दार उघडं होतं. बायांचे आवाज स्पष्ट यायचे, शब्दन् शब्द.

मला तेलुगू येत नाही.